‘एका जागची गळती, अन् सांगितलं अख्खं छप्पर बदला’ या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार दिलात, हरकत नाही. पण जुन्या नाशकातली बाकीची वाडेवाली मंडळीही हे वाचतात, म्हणून इथेच उत्तर देतो. आपलं म्हणणं थोडक्यात असं: माडीवर एका जागी गळत होतं, आम्ही अख्खं छप्पर उतरवायला सांगितलं, दुसऱ्या मिस्त्रीने ताडपत्री घालून अर्ध्या दिवसात गळती थांबवली. वर, ‘नाशकात पाऊस तो किती, हे काय इगतपुरी आहे?’

आधी कोटेशनचं. त्यात अख्खं छप्पर कुठेही नाही. पश्चिमेच्या उताराचे वासे आणि रिपा (वाशांवर आडव्या ठोकलेल्या, कौलं धरणाऱ्या पट्ट्या) बदलायच्या, पूर्वेकडे नुसती शाकारणी, म्हणजे कौलं काढून परत नीट बसवणं, आणि जुनी मंगलोरी कौलं धुऊन तीच परत चढवायची, फुटतील तेवढीच नवी. कौलांना काही झालेलंच नाही. आपल्यासमोर बोटाने वाजवून दाखवली होती, खणखणीत आहेत. तडा गेलेलं कौल बद्द वाजतं.

दुखणं लाकडाचं आहे. वाशाचं टोक भिंतीवर जिथे टेकतं, तिथे मी पेचकस लावला तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि ओला भुसा घेऊन बाहेर आला. शेजारच्या दोन वाशांचीही तीच गत. मग आढ्यावर, म्हणजे छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली, तर मधोमध दोरी आणि आढं यांत चार बोटं अंतर. नुसती कौलं सरकलेली असती तर शाकारणीच सांगितली असती. मे महिन्यात आमची माणसं दुसरं करतात काय? (माळ्यावर उन्हाचे कवडसे पडतात म्हणून घाबरून फोन करणारेही खूप. कौलारू छपरात तेवढं चालायचंच.) पण वासा कुजलेला आणि आढं बसलेलं, हे दोन्ही एकत्र दिसल्यावर वरवरचं काम करून पैसे घेणं मला जमत नाही. एक कौल दोन-अडीच किलोचं, चौरस मीटरला पंधराएक लागतात. म्हणजे दहा बाय दहा फुटांच्या उतारावर तीनशे किलोच्या वर ओझं, आणि कौलं पाणी प्यायली की त्याहून जास्त.

पावसाचं आपलं खरं आहे. शहरात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर, इगतपुरीत ३००० च्या पुढे. पण लाकूड धो धो पावसाने कुजत नाही, वाळायला सवड मिळाली नाही की कुजतं. ओलावा २० टक्क्यांच्या आत राहिला तर त्याला कुजवणारी बुरशी धरत नाही. शिवाय थेंब पडतो त्याच्या डोक्यावरच भोक असतं असं नाही. आपल्याकडे पाणी आढ्याजवळ शिरतं, वाशावरून ओघळतं, थोडं खोलीत ठिबकतं आणि उरलेलं सरळ भिंतीतल्या टोकापर्यंत जातं. ताडपत्रीने ठिबकणं थांबलं, ते थांबणारच. मात्र कौलांच्या सांध्यांतून खेळणारी हवाही तिने अडवली. आत जे ओलं होतं ते आता ओलंच राहणार. त्या मिस्त्रीला मी नावं ठेवत नाही, त्याला गळती बंद करायला सांगितलं होतं, त्याने केली.

तपासणीचे पैसे फोनवरच सांगितले होते, काम दिलंत तर बिलातून वजा होतात.

आमच्याकडूनच काम करा असं म्हणणं नाही. एखाद्या जुन्या सुताराला माळ्यावर नेऊन पश्चिमेच्या भिंतीजवळची टोकं तेवढी ठोकून बघायला सांगा. तो लाकूड ठणठणीत आहे म्हणाला तर इथेच खाली लिहा. तोवर पन्हळीतला पाला काढायला त्या बाजूच्या कौलांवर कुणाला चढवू नका. काढायचाच असेल तर बाहेरून शिडी लावून काढा.