सीट बेल्टला स्प्रे नको, आंघोळ घाला

आठवडाभरात तीन ग्रुपांवर एकच फॉरवर्ड आला. तिसऱ्यांदा पाठवणारा माझा सख्खा मेहुणा. मजकूर थोडक्यात असा: 'सीट बेल्ट परत आत जात नाही? आतली स्प्रिंग सैल झालेली असते. शोरूमवाले लुटतात. गंजावरचा स्प्रे मारा. नाही जमलं तर कव्हर उघडून स्प्रिंगला दोन पीळ वाढवा, नाहीतर कुर्ल्याहून जुना बेल्ट आणून बसवा. तोवर सैल बेल्टही चालतो, धक्का बसला की लॉक होतोच.'

लुटण्यावरून मी भांडणार नाही. मलाही एकदा 'पूर्ण असेंब्ली', म्हणजे पट्ट्यासकट सगळा संच, 'बदलावी लागेल' असंच सांगितलं होतं. भांडण बाकीच्याशी आहे.

'स्प्रिंग सैल झालेली असते.' असते कधी कधी. पण त्याआधी मळाकडे बघा. खांद्याच्या वर जी कडी असते, जिच्यातून पट्टा वळतो, तिच्यावर घाम, पावडर, केसांचं तेल आणि आपल्या खोदलेल्या रस्त्यांची धूळ यांचा चिकट थर बसतो. स्प्रिंगची ओढ मुद्दामच हलकी ठेवलेली असते, नाहीतर पट्टा प्रवासभर छाती आवळत बसेल. त्या हलक्या ओढीला अडवायला एवढा मळ पुरे. खात्री करायची तर कडीच्या खालचा, दोन दारांमधल्या खांबालगतचा पट्टा हाताने थोडा ओढून सोडा. तो झटकन आत गेला आणि अंगावरचा मात्र लोंबकळत राहिला, तर स्प्रिंग ठणठणीत आहे, अडतंय ते कडीपाशी. पट्टा कडीत उलटा पिळला गेलेला नाही ना, तेही तिथेच दिसेल.

मग करायचं काय? पट्टा शेवटपर्यंत बाहेर ओढा आणि खांबाच्या फटीपाशी चिमटा लावा, म्हणजे ओला पट्टा आत पळणार नाही. बादलीत कोमट पाणी, थोडा सौम्य साबण, मऊ ब्रश. घासायचं ते पट्ट्याच्या लांबीच्या दिशेने. ब्लीच अजिबात नको, धाग्याची ताकद जाते. आमच्या बादलीतलं पाणी दुसऱ्या मिनिटाला कटिंग चहाच्या रंगाचं झालं होतं. स्पिरिटमध्ये भिजवलेलं फडकं कडीतून ओवून पुढेमागे ओढा. मग सावलीत वाळू द्या. पूर्ण वाळेपर्यंत चिमटा काढायचा नाही, आणि मुंबईच्या जुलैत 'पूर्ण' म्हणजे पंखा लावूनसुद्धा दुसरा दिवस उजाडतो. घाई केलीत तर आत बुरशी धरेल.

'स्प्रे मारा.' दोन दिवस बेल्ट लोण्यासारखा सरकेल, खरं आहे. मग त्याच तेलकटपणावर नवी धूळ चिकटेल. शिवाय पट्टा गुंडाळून घेणारी स्प्रिंग खांबातल्या ज्या डब्यात असते, त्यातच लॉक करणारी यंत्रणाही असते: गाडी जोरात थांबली किंवा कलली की जागचा हलणारा छोटा गोळा किंवा लंबक, आणि त्याने अडकणारे दाते. तिथे तेल-धुळीचा लगदा कशाला?

'स्प्रिंगला दोन पीळ वाढवा.' या ओळीसाठीच मी लिहायला बसलो. ती स्प्रिंग घड्याळातल्यासारखी गुंडाळलेली असते. झाकण काढलं की ती हातातून उसळून सुटते, पुन्हा जशीच्या तशी बसवणं घरच्या टेबलावर होत नाही. पीळ जास्त झाला तर पट्टा पूर्ण बाहेर येण्याआधीच स्प्रिंग संपते. आणि आजच्या बऱ्याच गाड्यांत पुढच्या बेल्टला प्रीटेन्शनर असतो, म्हणजे अपघाताच्या क्षणी पट्टा आवळणारी छोटी स्फोटक दारू. तिथे स्क्रू ड्रायव्हर घालणं म्हणजे फटाक्याची वात दातांनी सोलणं. गंमत अशी की सोडवलेला डबा हातात तिरका धरला की लंबकामुळे पट्टा बाहेरच येत नाही. लोकांना वाटतं जाम झाला, मग ते आणखी उचकटतात.

'कुर्ल्याहून जुना आणा.' कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारातून मी आरसा आणलाय, दाराचं हँडलही. बेल्ट आणणार नाही. तो अपघातातल्या गाडीचा नाही हे कोण सांगणार? एकदा जोराचा भार झेललेला पट्टा नि डबा पुन्हा वापरायचा नसतो. शिवाय डबा ठरावीक कोनातच काम करतो, दुसऱ्या मॉडेलचा चालेलच असं नाही.

'सैल चालतो, लॉक होतोच.' लॉक होतो म्हणजे पुढे सुटायचा थांबतो. आधीच बाहेर लोंबणारा पट्टा तो परत ओढत नाही. वीतभर ढिला असेल तर शरीर ती वीतभर मोकळंच पुढे जातं. प्रीटेन्शनर ओढतो तेही काही सेंटिमीटरच. आणि मांडीवरचा भाग सैल असेल तर तो कमरेच्या हाडांवर न बसता पोटावर चढतो. मुंबईत १ नोव्हेंबर २०२२ पासून मागच्यांनाही बेल्ट सक्तीचा आहे, न लावल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४-ब खाली १,००० रुपये दंड. पण बेल्ट 'लावला' होता की नुसता अंगावर टाकला होता, हे हवालदाराला काचेतून दिसत नाही.

पट्टा कुठे कापला गेला असेल, कडेने धागे सुटले असतील, स्वच्छ करूनही हलत नसेल, तर मात्र नवीनच घ्यावा लागतो. तसंच पाण्याचं. हा डबा बऱ्याच गाड्यांत मधल्या खांबाच्या तळाशी, जमिनीजवळ असतो. दादरच्या सखल हिंदमाता भागात सीटपर्यंत पाणी चढलं की गाळ थेट त्यात. मेहुण्याची गाडी गेल्या पावसाळ्यात अंधेरी सबवेच्या तोंडाशी दोन तास पाण्यात उभी होती. त्याला मी धुवायला सांगितलेलं नाही, असेंब्ली बदल म्हणालोय. त्यावर त्याने नुसता अंगठा पाठवलाय.