गॅरंटी किती ताटांची?

रविवारी सकाळी मी जिना पुसत होतो. आमची केअरवोख होती, म्हणजे इथे जर्मनीत आठवडाभर जिना झाडायपुसायची पाळी, आणि खालच्या मजल्यावरच्या आजी दार किलकिलं करून बघत असतात. खिशात फोन सारखा थरथरत होता. वर येऊन पाहिलं तर घरच्या ग्रुपवर एकशे बारा मेसेज. विषय एकच, पुतणीचं लग्न : हॉल कुठला आणि केटरर कोण. खालून वर वाचत गेलो तर आतेभावाचं वाक्य सापडलं. “साडेतीनशे माणसं कशाला जेवायला घालायची? जर्मनीत बघा, साठ माणसांत सुटसुटीत लग्न होतं. विचारा हवं तर ह्याला.”

मला कुणी काही विचारलं नाही. साक्षीदार म्हणून मला उभं केलं, साक्ष परस्पर नोंदवली आणि पुढे चालू लागले. डोकं फिरलं ते इथे.

मूळ बेत दादाचा. दादर-परळमधला एखादा हॉल, एका वेळचं जेवण, साडेतीनशे माणसं. आतेभावाचा आणि नव्या पिढीचा बेत कर्जतच्या रिसॉर्टचा. दोन दिवस, हिरवळीवर मांडव, पूलजवळ हळद, आणि माणसं शंभर. ‘फक्त जवळचे.’ पैसे साधारण तेवढेच.

आता कर्जत. लालबागहून कर्जतला लोकलने दोन तास, रविवार असला तर मेगाब्लॉकचा प्रसाद वेगळा, आणि स्टेशनवर उतरून रिसॉर्टपर्यंत रिक्षावाला सांगेल ते. चाळीतली ज्यांची गुडघ्याची ऑपरेशनं झालीत ती माणसं तिथे येणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक आहे. येऊ नयेत म्हणूनच तर कर्जत. यादीतून नाव खोडायचं धाडस नसलं की लग्न लांब नेऊन ठेवायचं. माणसं आपापली गळतात. आमच्या आत्येने यावर व्हॉइस मेसेज टाकला, पाच सेकंदांचा : “मगे आमी जेवूचा खंय?” त्याखाली कुणी अंगठासुद्धा टाकला नाही.

मी टाकला. मग तावातावाने लांबलचक लिहिलं.

लिहिलं की इथल्या साठ माणसांच्या लग्नाचं कौतुक मला सांगू नका. इथे चौदा महिने आधी तारीख कळवतात. खुर्चीवर नावाची चिठ्ठी असते. कोण कुणाशेजारी बसणार यावर नवरा-नवरी तीन आठवडे भांडतात. कुणाच्या तरी स्पोर्ट क्लबचं फेराइन्सहाइम, म्हणजे क्लबघर, घेतात, केक मैत्रिणी करून आणतात, मध्यरात्री गुलाशसूप निघतं आणि दुसऱ्या दिवशी नवरदेव स्वतः बादली घेऊन हॉल पुसतो, नाहीतर एंडराइनिगुंगचे, म्हणजे शेवटच्या साफसफाईचे, पैसे कापतात. सगळं वेळेवर. रात्री दहानंतर खिडक्या बंद. दहाचा नियम काही जर्मनांचाच नव्हे. लाउडस्पीकरला रात्री दहा ते सकाळी सहा बंदी आपल्याकडेही 2000 सालापासून आहे. फक्त लालबागच्या बँजोवाल्याला दहा वाजल्याचं कळायला पोलिसांची जीप यावी लागते. इथे खालच्या आजी पुरतात.

मुंबई आणि श्टुटगार्ट 1968 पासून भगिनी शहरं आहेत. या दोन बहिणी एका पंगतीला कधी बसल्या असतील असं मला वाटत नाही.

माझ्या मेसेजला दोन हृदयं आणि एक हात जोडलेला आला. वाद पुढे सरकला.

दादाला मात्र मानलं पाहिजे. त्याने वही घातली आहे, चाळीस पानी, रेघांची. महिनाभर दर शनिवारी तो आणि वहिनी हॉल बघत होते. शिरोडकर, वनमाळी, कामगार कल्याणचा हॉल, विलेपार्ल्यापर्यंत गेले. त्याने फोनवर वाचून दाखवलं तेव्हा मला कळलं की हॉलचं भाडं हा त्या हिशेबातला सर्वांत निरुपद्रवी आकडा असतो. भाड्यावर 18 टक्के जीएसटी. एसीचे वेगळे. अनामत वेगळी. सकाळची पाळी तीनला संपते, संध्याकाळची माणसं चारला फुलं घेऊन दारात उभी, त्यामुळे अर्धा तास जास्त लागला तर त्याचा दंड. एका हॉलमध्ये केटरर त्यांचाच घ्यायचा; दुसऱ्यात बाहेरचा चालतो, पण ताटामागे रॉयल्टी भरायची. डेकोरेटरचंही तसंच. म्हणजे केटरर निवडायचं स्वातंत्र्य आहे, फक्त ते मोजून विकत घ्यावं लागतं.

आणि चव बघायची कुठे? इथे केटरर एक संध्याकाळ ठरवून चार छोट्या बशा मांडतो आणि त्याचे पैसे बिलात लावतो. दादाला केटररने सांगितलं, “अमुक तारखेला आमचं मुलुंडला काम आहे, या जेवून जा.” दोघं गेले. वहिनीने बरी साडी नेसली, कारण अनोळखी असलं तरी लग्नच ते. कोपऱ्यात उभं राहून बशीत थोडं थोडं घेऊन भाजीतलं तेल बघत होते, तेवढ्यात मुलीचे काका की मामा कुणीतरी आले. “अहो, एवढंसंच काय घेतलंय? गुलाबजाम घ्या. लाजू नका.” दादाने घेतला. वहिनीने पर्समधून एकशे एकचं पाकीट करून नवरीच्या हातात दिलं. चुकचुकल्यासारखं झालं म्हणे. त्या केटररचं नाव वहीत आहे, समोर शेरा : ‘डाळ पातळ, माणसं चांगली.’

दर 850 रुपये ताट. साडेतीनशेला गुणलं की 2,97,500, आणि त्यावर कर. म्हणजे तीन लाखांच्या वर नुसतं जेवण. आतेभावाचा मुद्दा अगदीच पोकळ नाही हे मी इथे बसून कबूल करतो. ग्रुपवर केलं नाही.

खरं भांडण मेन्यूवर झालं. आम्ही मालवणी. आमच्या घरच्या लग्नात वडे, काळ्या वाटाण्यांची उसळ, बटाट्याची भाजी, भात-वरण, सोलकढी. दादाच्या केटररने स्पष्ट सांगितलं की बुफेत वडे जमणार नाहीत. वडा कढईतून पानात पडला पाहिजे; त्या झाकणाच्या भांड्यात दहा मिनिटं राहिला की त्याचं चामडं होतं. त्याऐवजी त्याने पनीर, मंचुरियन आणि लाइव्ह पास्ता सुचवला. पास्ता! मी दर गुरुवारी कँटीनमध्ये पास्ता खातो, कारण गुरुवारी दुसरं काही नसतं. तो खायला मी परळला यायचं? व्हाइट सॉस म्हणून मैद्याची खळ ओतून देणाऱ्या त्या उंच टोपीवाल्या पोरासमोर आमच्या आत्येने प्लेट धरून रांगेत उभं राहायचं? “पास्ता आधी कापा,” मी लिहिलं, “मग माणसं कापा.” हे वाक्य मला फार आवडलं होतं. तीन वेळा वेगवेगळ्या शब्दांत पाठवलं.

धाकट्या आत्येचं लग्न 1986 मध्ये चाळीच्या चौकात झालं. गिरणी संपाला 18 जानेवारी 1982 ला सुरुवात झाली, त्यात बाबांची गिरणी गेली ती गेलीच. अडीच लाखांच्या आसपास कामगार होते, त्यातले आमच्या एका चाळीतलेच कितीतरी. घरात पैसा नव्हता. आचारी गावाहून आला, टोप मंडळाचे, तांदूळ एकाचे, तेलाचा डबा दुसऱ्याचा. वऱ्हाड शेजारच्या खोल्यांतून उतरलं आणि शेजारी गॅलरीत झोपले. मी सात वर्षांचा. मुलांना वाढायला हलकं काम देतात तसं माझ्याकडे मीठ दिलं होतं. स्टीलची वाटी, बोटांच्या चिमटीत मावेल तेवढं, पानाच्या डाव्या अंगाला वरच्या कडेला. मागून चुलतभाऊ लिंबाची फोड टाकत येत होता. सगळ्यांच्या आधी पानावर पडतं ते मीठ, त्यामुळे रिकामं पान आणि त्यापुढे बसलेला माणूस असं मी एकेक करत पाहत गेलो. तीन पंगती. दुसऱ्या पंगतीत बोटं चरचरायला लागली, नखाजवळ कापलं होतं. वाटी सोडली नाही.

हे सगळं मी ग्रुपवर लिहिलं. आतेभावाने उत्तर दिलं, “तेव्हा माणसं वाढायला होती. आता वाढपी पण माणशी पैसे घेतो.” पुढे एक ओळ : “आणि साठ माणसांचं नेटकं लग्न, फोटो तूच टाकले होतेस ना?”

टाकले होते.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या टीममधल्या एकाचं लग्न होतं. कार्ड आलं, पाकिटात, आमच्या चौघांच्या नावाने. अडीच वाजता श्टांडेसआम्ट, म्हणजे विवाह नोंदणी कचेरी, त्यानंतर सेक्टएम्पफांग, म्हणजे उभ्या उभ्या फसफसत्या वाइनचा ग्लास. बायकोने पैठणी काढली. मुलाला कुर्ता, मुलीला परकर. आम्ही वेळेच्या दहा मिनिटं आधी राटहाउससमोर, म्हणजे नगरपालिकेच्या इमारतीसमोर, हजर. सही झाली, टाळ्या झाल्या, साबणाचे फुगे उडवले, हातात ग्लास आला, ब्रेत्सेल नावाचा खारा पाव आला. पैठणीचं कौतुक प्रत्येकाने केलं. मी भरपूर फोटो काढले. साडेचारच्या सुमारास नवरदेवाने मला मिठी मारली आणि आल्याबद्दल आभार मानले. मग काही माणसं गाड्यांत बसू लागली आणि काही निरोप घेऊन चालायला लागली. आपण यातले कुठले हे मला कळेना. मी किल्ली हातात घेऊन एकाला विचारलं की हॉलचा पत्ता काय टाकू. तो बिचारा ओशाळला. हळूच म्हणाला, संध्याकाळचं घरच्यांचं आणि जवळच्या मित्रांचं आहे.

त्याची चूक काही नाही. कार्डावर स्वच्छ छापलं होतं, जेवणाचा उल्लेख कुठेच नव्हता. घरी जाऊन स्वयंपाक करण्याइतका धीर नव्हता, म्हणून स्टेशनसमोर ड्योनर, म्हणजे तुर्की कबाब भरलेला पाव, घेतला. बायकोने पदर खोचून मांडीवर पेपर नॅपकिन पसरले. लाल कोबीचा एक तुकडा तरी काठावर पडलाच. ती काही बोलली नाही. मुलाने विचारलं, लग्नाचं जेवण हेच का? गाडी पार्किंगमध्ये असतानाच मी फोटो ग्रुपवर टाकले. खाली लिहिलं : ‘फक्त साठ माणसं. किती नेटकं करतात हे लोक.’

साठांत मी नव्हतो हे दादालाही सांगितलेलं नाही.

आतेभावाने परवा शंभरांची यादी एक्सेलमध्ये टाकली. मी उघडली. लिहिणाऱ्याचा हात काटेकोर आहे. नाव, किती माणसं, खोली लागेल का, आणि शेवटी ‘नक्की’ असा रकाना. आमच्या नावापुढे चार. खोली : हो. नक्की : प्रश्नचिन्ह. त्या रकान्यात प्रश्नचिन्ह असलेली सात नावं आहेत, आणि खाली बेरीज करताना ती सात त्याने धरलेली नाहीत.

रात्री दादाचा फोन. “तू मला पंगत शिकवू नको. येणार आहेस का ते बोल. केटररला पंधरा दिवस आधी गॅरंटी द्यायला लागते, ती दिली की माणूस येवो न येवो, ताटाचे पैसे द्यायचे.”

“बघतो.”

“बघतो म्हणजे नाही. अकरा वर्षं ऐकतोय.”

अकरा वर्षांत मी एकाच पंगतीला वेळेवर पोचलो, ती आईच्या तेराव्याची होती. बाकी सगळ्यांना बघतो म्हटलं. कारणं खरीच असतात. आमच्या शाळांना मोठी सुट्टी जुलैअखेर ते सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन चातुर्मासात. ख्रिसमसच्या सुट्टीत पौष आडवा येतो. काढीव मुहूर्त असतात, पण ते माझ्यासाठी कोण काढणार? हे लग्न डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, शाळा चालू. शाळा चालू असताना मुलांना उचलून विमानात बसवलं तर इथे दंड होतो. मुख्याध्यापिकेकडे अर्ज द्यावा लागतो. सख्ख्या भावंडाचं लग्न असेल तर रजा मिळते. लांबच्या नात्याचं असेल तर त्यांची मर्जी.

मी अर्ज लिहायला बसलो आणि नात्यापाशी अडलो. चुलतबहीण लिहिलं तर ती त्यांच्या लेखी लांबची. माझी मुलं तिला ताई म्हणतात, दुसरं काही म्हणतच नाहीत. मी लिहिलं, ‘मुलांच्या मोठ्या बहिणीचं लग्न.’ मराठीत हे खोटं नाही. मुख्याध्यापिकेला मराठी येत नाही. आठ दिवसांची रजा मंजूर झाली.

कर्जत मधल्या मध्ये बारगळलं, ते माझ्या निबंधांमुळे नव्हे. मुलाकडच्यांची यादीच दीडशेच्या खाली येईना. आता परळ. आत्ये खूश आहे.

काल दादाला लिहिलं, “चार धर.”

पाच मिनिटांनी उत्तर आलं. “पोरं पूर्ण ताट की अर्धं? बारापर्यंत अर्धं लावतो तो.”

मोठा तेरा, धाकटी नऊ. तिच्या ताटाचं तिलाच विचारलं. उसळ म्हणजे काय ते आधी सांगावं लागलं, मग वडे, मग सोलकढी. रंगाचं ऐकून तिला सोलकढी आवडण्यासारखी वाटली. ब्रेडवर चीज ठेवत ती म्हणाली, “पण पास्ता असेल ना?”

मी दादाला लिहिलं, “एक पूर्ण, एक अर्धं. आणि ते पास्त्याचं काउंटर काढलं नसशील तर राहू दे.”

दादा बराच वेळ टाइप करत असल्याचं दिसत होतं. शेवटी आलं ते एवढंच : “व्हाइट सॉस की रेड?”