बचाटा म्हणजे संथ साल्सा? नाही हो!

नमस्कार. साल्सा आणि बचाटा या लॅटिन अमेरिकी नाच-संगीतावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिला मुद्दा मान्य. साल्साला मी सरसकट ‘क्यूबाचा’ करून टाकलं, ते चुकलंच. बी क्यूबाच्या ‘सोन’ या संगीतप्रकाराचं, पण साल्सा या नावाने ते वाढलं न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन वस्त्यांत. तिथे १९६४ साली फानिया ही रेकॉर्ड कंपनी काढणाऱ्या दोघांतला जॉनी पाचेको तर जन्माने डोमिनिकन, म्हणजे थेट बचाटाच्या माहेरचा!

पण ‘बचाटा म्हणजे संथ साल्सा, क्लासवाल्यांनी दुसरी फी घ्यायला वेगळा काढलेला’ हे पटलं नाही. (फीबद्दल गप्प बसतो, दोन्ही भरल्यात.)

पाय राहू द्या, आधी कान लावा. साल्सात पियानोची गोल फिरणारी तान, ट्रॉम्बोन-ट्रम्पेट, कोंगा, टिंबालेस ही तालवाद्यं, आणि सगळ्यांना बांधून ठेवणारा क्लावे हा ठेका: आठ मात्रांत पाच ठोके. तो प्रत्यक्ष कुणी वाजवत नसलं तरी वादकांच्या डोक्यात चालूच असतो. बचाटात हा थाट नाही. दोन गिटार, बेस, बोंगो हे जोडढोल आणि घासून वाजवायची पत्र्याची ग्विरा. त्यातली एक गिटार अक्षरशः रडते. गाणी प्रेमभंगाची, म्हणून या संगीताला ‘आमार्गे’, म्हणजे कडवटपणा, असंही म्हणत.

हे घराणं बोलेरोचं, म्हणजे संथ प्रेमगीतांचं. गायक होसे मान्युएल काल्देरोनने पहिली बचाटा गाणी ध्वनिमुद्रित केली १९६२ साली, डोमिनिकन हुकूमशहा त्रुहियो मारला गेल्यानंतरच्या वर्षी. तेव्हा ‘साल्सा’ हे नाव बाजारात रुळलंही नव्हतं, मग संथ कुणाला करणार? पुढे कितीतरी वर्षं बचाटा दारूच्या गुत्त्यातला म्हणून पांढरपेशे नाक मुरडत. आपल्याकडे तमाशाचं झालं तसंच. डोमिनिकन गायक हुआन लुईस गेर्राच्या १९९० च्या ‘बचाटा रोसा’ या अल्बमने तो दिवाणखान्यात आणला, आणि २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही गेला.

आता पाय. साल्सात एक-दोन-तीन आणि चौथ्या मात्रेला पाऊल नाही. बचाटात चौथ्याला टॅप, कंबरेच्या हिसक्यासकट. ‘तेवढाच फरक’ म्हणता, पण बचाटानंतर साल्सा शिकताना त्या टॅपपायी मी तीन महिने जोडीदारणीचे पाय तुडवलेत.

क्यूबाचं ते वाक्य मूळ लेखात आज दुरुस्त करतो.