साठीनंतर दुखण्याची गोळी दुप्पट घ्यावी काय?

‘वय झाले की औषध अंगाला लागत नाही, म्हणून साठीनंतर दुखण्याची गोळी दुप्पट घ्यावी, जेवून घेतली की ती पोटाला बाधत नाही, आणि क्रिएटिनिन नॉर्मल असेल तर किडनीचीही चिंता नको,’ असा सल्ला व्हॉट्सॲपवरून सर्रास पुढे पाठवला जातो. त्यातले एकही विधान टिकत नाही, आणि तिसरे तर सर्वांत फसवे आहे.

वयोमानाने गोळीचे शोषण थोडे सावकाश होत असले, तरी औषध शरीरात पोहोचते जवळपास तेवढेच. अडचण येते ती ते बाहेर पडताना. यकृताचा आकार आणि त्याला होणारा रक्तपुरवठा उतारवयापर्यंत सुमारे २० ते ४० टक्क्यांनी घटतो. शरीरातील पाणी कमी झाल्यामुळे मॉर्फिनसारख्या पाण्यात विरघळणाऱ्या तीव्र वेदनाशामक औषधाची रक्तातील पातळी त्याच मात्रेत अधिक चढते, आणि मेंदूही अशा औषधांना अधिक संवेदनशील होतो. ट्रॅमाडॉल या त्याच जातीच्या वेदनाशामकाची दिवसाची कमाल मात्रा एरवी ४०० मिलिग्रॅम असताना पंचाहत्तरीपुढे ती ३०० मिलिग्रॅमवर आणतात, ती यामुळेच. म्हणजे सल्ला नेमका उलटा आहे.

आता क्रिएटिनिन. रक्तचाचणीत मोजला जाणारा हा टाकाऊ पदार्थ स्नायूंतून तयार होतो, मूत्रपिंड तो गाळून बाहेर टाकते; आणि म्हातारपणी स्नायूच झडतात. त्यामुळे मूत्रपिंडाचे काम मंदावूनही अहवालातला आकडा जागचा हलत नाही. वय, वजन आणि क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची गाळणक्षमता काढणाऱ्या, कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांच्या १९७६ च्या सूत्रात क्रिएटिनिन १.० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) धरून पाहावे: ३० वर्षांच्या ७० किलो वजनाच्या पुरुषाची गाळणक्षमता मिनिटाला सुमारे १०७ मिलिलिटर येते, तर ८० वर्षांच्या ५० किलोच्या पुरुषाची जेमतेम ४२. प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र दोघेही ‘नॉर्मल’! त्यात डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन या दुखण्याच्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तप्रवाह टिकवणारी प्रोस्टाग्लँडिन्स ही शरीरातील रसायनेच रोखतात. रक्तदाबासाठी रामिप्रिल किंवा टेल्मिसार्टन आणि जोडीला लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर मूत्रपिंड एकाएकी निकामी होण्याचा धोका आणखी वाढतो.

जेवून गोळी घेतल्याने मळमळ कमी होते, हे काहींच्या बाबतीत खरे आहे. परंतु जठराच्या अस्तराचे संरक्षण ढासळते ते मुख्यतः रक्तातून पोहोचलेल्या अशा औषधामुळे, त्यामुळे इंजेक्शननेही व्रण होऊ शकतो. वृद्धांमध्ये पोट न दुखताही रक्तस्राव होतो आणि काळी शौचास होईपर्यंत तो लक्षातच येत नाही.

दुखणे सोसत बसावे, असे येथे कोणी म्हणत नाही. योग्य मात्रेतले पॅरासिटामॉल बहुतेक वृद्धांसाठी तुलनेने सुरक्षित असते. पण आपल्याकडे घरोघरी असणाऱ्या, डायक्लोफेनॅकच्याच वर्गातल्या एसेक्लोफेनॅकच्या जोडगोळीत बहुधा १०० मिलिग्रॅम एसेक्लोफेनॅक आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. एसेक्लोफेनॅकची पूर्ण दिवसाची नेहमीची मात्राच २०० मिलिग्रॅम आहे, ती हा सल्ला एका वेळेत संपवतो. आणि कणकण वाटली म्हणून त्यावर पॅरासिटामॉलची वेगळी गोळी घेतली जाते, तिचा हिशेब कोणी धरलेलाच नसतो.