‘हायब्रिडची बॅटरी पाच वर्षांत मरते’ म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डला उत्तर

गेल्या महिन्याभरात हा मेसेज मला चार ग्रुपवर आला, सोसायटीच्या, शाळेच्या बॅचच्या, ऑफिसच्या आणि शेवटी आमच्या घरच्या. वर "हायब्रिड गाडी घ्यायच्या आधी हे वाचा" आणि खाली सहा मुद्दे. बॅटरी पाच वर्षांत मरते आणि नवी पाच लाखाला पडते, पंधरा दिवस गाडी उभी राहिली की मेन बॅटरी जाते, पावसापाण्यात करंट बसतो, मायलेज कागदावर सत्तावीस आणि रस्त्यावर चौदा, घाट उतरताना इंजिन ओरडून फाटतं, आणि जास्तीचे दिलेले पैसे जन्मात वसूल होत नाहीत. एरवी मी असले मेसेज सोडून देतो, पण हा वाचून माझा मावसभाऊ, आमचा दादा, बुकिंग कॅन्सल करायला निघाला. मी तीन वर्षं स्ट्राँग हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिनाबरोबर विजेची मोटर असलेली आणि थोडं अंतर नुसत्या मोटरवरही चालणारी गाडी, चालवतोय, बावन्न हजार किमी झालेत, त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

पहिला मुद्दा बॅटरीचा. हा पाच लाखाचा आकडा बहुतेक पूर्ण इलेक्ट्रिक गाड्यांच्या चर्चेतून उचललाय. मारुतीच्या ग्रँड व्हिटारा किंवा टोयोटाच्या हायरायडरच्या स्ट्राँग हायब्रिडमध्ये बॅटरी असते ०.७६ किलोवॅट-अवरची (किलोवॅट-अवर म्हणजे घरच्या वीजबिलातलं एक युनिट), आणि टाटाच्या पूर्ण इलेक्ट्रिक नेक्सॉन ईव्हीच्या मोठ्या व्हर्जनमध्ये ४५ किलोवॅट-अवरची, म्हणजे जवळपास साठपट. साठपट मोठ्या बॅटरीची किंमत छोट्या बॅटरीला चिकटवून लोकांना घाबरवायचं हे बरोबर नाही. आणि ही छोटी बॅटरी मोबाईलसारखी शंभर ते शून्य अशी वापरलीच जात नाही, गाडीचा कॉम्प्युटर तिला मधल्या पट्ट्यातच खेळवतो, ती कधी काठोकाठ भरत नाही आणि कधी पूर्ण रिकामी होत नाही, म्हणूनच ती टिकते. ग्रँड व्हिटारा आणि हायरायडरवर हायब्रिड बॅटरीची वॉरंटी आठ वर्षं किंवा १,६०,००० किमी आहे, यातलं जे आधी होईल ते. पाच वर्षांत मरणाऱ्या वस्तूवर आठ वर्षांची वॉरंटी कुठली कंपनी देईल? टोयोटाची पहिली प्रियस हायब्रिड जपानमध्ये १९९७ ला आली. तिथे वापरून झालेल्या प्रियस आज मंगोलियात उलानबातरच्या रस्त्यावर ढिगाने दिसतात, हिवाळ्यात उणे तीसच्या थंडीत. श्रीलंका आणि पाकिस्तानातही जपानहून आलेल्या जुन्या हायब्रिडचा मोठा बाजार आहे.

बॅटरी अमर आहे असं मी म्हणत नाहीये. ती उष्णतेने मरते, आणि आपल्याकडे ऊन काही कमी नाही. तिला थंड ठेवायला एक छोटा फॅन असतो, तो केबिनमधली हवा ओढतो, आणि त्याची जाळी मॉडेलनुसार सीटच्या खाली किंवा बाजूला असते. माझ्या गाडीची जाळी पहिल्यांदा काढली तेव्हा आतून धुळीचा करडा नमदा निघाला, त्यात चिवड्याचे पोहे आणि लेकीच्या रबरबँडसुद्धा. आता दर सर्व्हिसला मी स्वतः समोर उभा राहून ती साफ करून घेतो. तिच्यावर बॅग, उशी, चादर काही ठेवू नका आणि गाडी जमेल तितकी सावलीत लावा, बॅटरीसाठी मालकाने करायचं ते साधारण एवढंच.

आता पंधरा दिवस उभ्या गाडीचा मुद्दा, कारण इथेच लोक फसतात आणि मीही फसता फसता वाचलोय. दिवाळीत आम्ही सोळा दिवस गावी होतो. परत आलो, चावीचं बटण दाबलं, दार उघडेना. चावीच्या आत लपलेली धातूची किल्ली काढून दार उघडलं, स्टार्टचं बटण दाबलं तर डॅशबोर्डवर एकदम सगळे दिवे, ब्रेकचा, एअरबॅगचा, हायब्रिड सिस्टीम तपासा असा मेसेज, आणि दोन सेकंदांत सगळं मिणमिणत विझलं. जवळच्या गॅरेजवाल्याला बोलावलं, त्याने बॉनेट उघडून मोठ्या बॅटरीच्या नारिंगी केबल बघितल्या आणि हात न लावता सांगितलं, "साहेब, मेन बॅटरी गेली, तीन लाखाच्या खाली काम नाही." बायकोचा चेहरा उतरला. वरच्या मजल्यावरचे काका रिटायर्ड इलेक्ट्रिशियन, ते मल्टिमीटर घेऊन खाली आले आणि साध्या बॅटरीवर लावलं, ९.८ व्होल्ट. ती १२.६ च्या आसपास असायला हवी.

तर मंडळी, हायब्रिडमध्ये बॅटरी दोन असतात. एक मोठी, गाडी ओढणारी, आणि दुसरी आपल्या नेहमीच्या गाडीत असते तशी बारा व्होल्टची. बारावाली कॉम्प्युटर जागे करते आणि मोठ्या बॅटरीचे रिले, म्हणजे विजेवर चालणारे स्विच, जोडते. ती झोपली की मोठी बॅटरी ठणठणीत असूनही गाडी जागची हलत नाही, आणि व्होल्टेज कमी पडल्यामुळे सगळे वॉर्निंग दिवे खोटे खोटे पेटतात. शेजाऱ्यांच्या आल्टोवरून जंपर लावला, बटण दाबलं, आतून रिलेचा टक असा आवाज आला आणि डॅशवर हिरवं रेडी, म्हणजे गाडी चालायला तयार, दिसलं. नवीन बारा व्होल्टची बॅटरी साडेसात हजाराला बसली. साडेसात हजार आणि तीन लाख, नीट बघा फरक.

म्हणून कोणी मेन बॅटरी गेली म्हटलं तर आधी बारा व्होल्टचं माप घ्यायला लावा आणि मग स्कॅनरवर कोड दाखवायला सांगा. टोयोटाच्या सिस्टीममध्ये मोठ्या बॅटरीच्या बिघाडाचा ओळखीचा कोड पी०ए८० आहे. कोड न दाखवता लाखाची भाषा करणाऱ्याकडे गाडी ठेवू नका. गाडी खूप दिवस उभी राहणार असेल तर आठवड्यातून एकदा घरच्या कोणाला तरी अर्धा पाऊण तास रेडीवर ठेवायला सांगा, मोकळ्या जागेत. नुसतं ॲक्सेसरीवर गाणी लावून बसलात तर ती उलट उतरते, कारण यात साध्या गाडीसारखा इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नसतोच, बारावाली मोठ्या बॅटरीवरून चार्ज होते आणि तेही गाडी रेडीत असली तरच. आणि टो करायची वेळ आली तर फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर चढवून नेणारा ट्रकच मागवा, या गाड्यांची पुढची चाकं जमिनीवर फिरत राहिली की मोटर फिरते आणि वीज तयार होते.

पावसात करंट बसतो, हे वाचून माझी आई खरंच गाडीत बसायला घाबरायला लागली होती. साध्या बॅटरीची एक तार गाडीच्या बॉडीला जोडलेली असते, मोठ्या बॅटरीच्या दोन्ही तारा बॉडीपासून पूर्ण वेगळ्या असतात. त्यामुळे बॉडीला हात लावला म्हणजे सर्किट पूर्ण झालं असं होत नाही. कुठे गळती दिसली की सिस्टीम स्वतः फॉल्ट दाखवते, आणि अपघातात एअरबॅग उघडल्या की रिले तुटून मोठी बॅटरी आतल्या आत बंद होते. नारिंगी केबलला मात्र आपण हात लावायचा नाही, ट्रेनिंग नसलेल्या मेकॅनिकनेही नाही. आणि गुडघाभर पाण्यात घालाल तर पेट्रोल गाडीच्या इंजिनात जसं पाणी जातं तसं याच्याही जाईल. पाण्यात बंद पडली तर पुन्हा बटण दाबू नका, सरळ फ्लॅटबेड. इन्शुरन्सच्या इंजिन कव्हरमध्ये हायब्रिडची मोटर आणि बॅटरी धरलीय का हे पॉलिसीत वाचूनच सही करा.

मायलेज चौदा? तर पहिला प्रश्न, कुठली हायब्रिड? मारुती २०१५ च्या सियाझपासून स्मार्ट हायब्रिड नावाने जे विकते ती माईल्ड हायब्रिड, ती मोटर इंजिनाला थोडा हातभार लावते पण एकटी गाडी चालवू शकत नाही. ग्रँड व्हिटारा तर माईल्ड आणि स्ट्राँग दोन्हीत मिळते, म्हणजे नाव तेच, गाडी तीच आणि मशीन वेगळं. सिग्नलवरून इंजिन बंद ठेवून गाडी आवाज न करता पुढे सरकली तर ती स्ट्राँग. स्ट्राँगचा लिटरला २७.९७ किमी हा आकडा लॅबमधला, एसी बंद ठेवून काढलेला, तो रस्त्यावर रोज मिळणार नाही हे मान्य. टाकी फुल ते टाकी फुल असं मोजून मला पुण्यात २१ ते २३ मिळतं आणि हायवेला शंभरने गेलो तर १८-१९. हो, हायवेला फायदा कमी होतो, कारण ब्रेक लावला की मोटर उलटी वीज तयार करून बॅटरीत भरते, तिथे ब्रेक नाही आणि ब्रेक नाही तर परत मिळणारी वीजही नाही. आणि घरापासून दीड किमीवर भाजी आणायला गेलात तर खरंच चौदा येईल, कारण इंजिन आधी गरम होण्यासाठीच चालतं.

काही सवयी बदलाव्या लागतात. सिग्नलला न्यूट्रल टाकायची आपली जुनी सवय सोडा, न्यूट्रलमध्ये मोठी बॅटरी चार्जच होत नाही, डीमध्येच ब्रेक दाबून थांबा. ब्रेक लांबूनच हलका लावत या, म्हणजे वीज परत बॅटरीत जाते, शेवटच्या क्षणी करकचून दाबलात तर नुसते पॅड झिजतात. एसीचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, वीसवर ठेवलात तर सिग्नलला उभ्या उभ्या इंजिन चालू होणार, पंचवीसवर ऑटो ठेवा. पण गाडी नुसत्या बॅटरीवर चाललीय हे सांगणारा ईव्हीचा हिरवा दिवा पेटता राहावा म्हणून सिंहगड रोडवर वीसच्या स्पीडने रांगू नका हो, मागचे वैतागतात आणि बॅटरीतली वीजही शेवटी तुमच्याच पेट्रोलमधून आलेली असते.

घाटाचा मुद्दा मला सगळ्यात आवडला कारण त्यात अर्धी गोष्ट खरी आहे. उतारावर इंजिन ओरडतं, पण का ते बघा. लोणावळा ते खोपोली साधारण साडेपाचशे मीटरची उतरण. माणसं धरून सोळाशे किलोची गाडी एवढी खाली आली की जवळपास २.४ किलोवॅट-अवर ऊर्जा सुटते, काही हवेत आणि टायरमध्ये जाते, उरलेली बॅटरीत जायला बघते आणि बॅटरी सगळी मिळून ०.७६ ची. घाट संपायच्या बऱ्याच आधी ती घेता येईल तेवढं घेऊन बसते. तिथून पुढे बी मोड, म्हणजे गिअरच्या दांड्यावरचा उतारासाठीचा बी, टाकला की टोयोटाच्या सिस्टीममध्ये मोटर त्या जास्तीच्या विजेने इंजिनाला नुसतं फिरवते, पेट्रोल न जाळता, आणि तोच आवाज येतो. ते इंजिन ब्रेकिंग आहे, इंजिन फाटत नाही. बी न टाकता सगळा घाट ब्रेकवर उतरलात तर मात्र पॅड तापतील.

राहिले पैसे. हायब्रिड महाग आहे हे खरंच, सरकार या मोठ्या गाड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के जीएसटी घेतं आणि इलेक्ट्रिकवर ५ टक्के, हे मला पटत नाही. पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा अडीच लाख जास्त धरा, पेट्रोल १०४ रुपये, साधी १३ देते, हायब्रिड २२. दादा कोथरूडहून रोज चाकणला जातो, येऊन जाऊन सत्तर किमी, महिन्याला साधारण १,६८० किमी. त्याचे महिन्याला साडेपाच हजार वाचतात, पावणेचार वर्षांत अडीच लाख वसूल, तेही बॅटरीची वॉरंटी निम्मीच संपलेली असताना. त्याला कागदावर हे मांडून दाखवलं, त्याने बुकिंग तसंच ठेवलंय. माझे सासरे मात्र महिन्याला पाचशे किमीसुद्धा फिरत नाहीत, त्यांना वसूल व्हायला बारा-तेरा वर्षं लागतील, म्हणून त्यांना मीच सांगितलं की तुम्ही साधी पेट्रोल घ्या.