जॉर्जियन घरात कार्यालय: आधी जमिनीच्या कड्या तपासा

जॉर्जियन, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुमाराच्या ब्रिटिश घरांत कार्यालय थाटण्यावरच्या एका लेखात लंडनच्या बेडफर्ड स्क्वेअरमधल्या (१७७५-८३) घरांच्या दर्शनी भागाबद्दल छान लिहिलंय, पण 'भिंती जाड असल्याने कार्यालयाचं वजन सहज पेललं जातं' हे वाक्य धोक्याचं आहे. फायलींचं वजन आधी येतं ते लाकडी कड्यांवर, म्हणजे मजल्याच्या फळ्या पेलणाऱ्या आडव्या तुळयांवर. आज कार्यालयासाठी साधारण २.५ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर भार धरतात, घरासाठी १.५ (१ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचं वजन). म्हणून फायलींची कपाटं खोलीच्या मध्यावर नकोत. कड्यांची टोकं ज्या भिंतीत बसली आहेत, तिच्या कडेला ठेवा.

खरा घात केबलवाले करतात. गॅसच्या नळ्या आणि विजेच्या तारांसाठी कड्यांना पूर्वीच खाचा पाडलेल्या असतात, त्यात नव्यांची भर. २०० मिमी उंचीच्या, ४ मीटर गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) कडीला भोक पाडायचंच तर कडीच्या उंचीच्या बरोबर मधोमध, ५० मिमीपेक्षा लहान आणि आधारापासून १ ते १.६ मीटरच्या पट्ट्यात. हा नियम धडधाकट लाकडाचा आहे. आधीच खाचलेल्या कडीसाठी अभियंता बोलवावाच लागतो. त्यापेक्षा केबल बंद चिमणीतून वर न्या आणि कड्यांना समांतर पसरवा.

आणि दर्शनी भिंत! बाहेरचा विटांचा थर बऱ्याचदा पातळ असतो, आतल्या थराशी जेमतेम सांधलेला, आणि भिंतीत लाकडी पट्ट्याही पुरलेल्या असतात. सांधे सिमेंटने भरले की ओल आत कोंडते, लाकूड कुजतं, भिंतीला पोट सुटतं. सांध्यांत चुन्याचाच मसाला भरा, आणि जुना मसाला छिन्नीने हातानेच काढा. ग्राइंडरने विटांच्या कडा कायमच्या जातात.