शाल तेवढी मिळाली

ऑफिसच्या ग्रुपवर परवा अहवाल टाकला, तीन दिवस उशिरा. साहेबांचं लगेच उत्तर, "वा! काय ही तत्परता!" मी लिहिलं, "धन्यवाद सर, पुढच्या वेळीही असंच करेन."

ग्रुप चिडीचूप.

मग शेजारच्या टेबलावरचे ज्येष्ठ सहकारी खुर्ची सरकवत आले. "अरे, टोमणा होता तो!"

"कशावरून?"

"टोन बघ ना."

मी फोन डोळ्यांजवळ नेला. अक्षरं होती.

"उद्गारचिन्ह दिसत नाही?"

"ते माझ्या वाढदिवसालाही होतं."

"ते खरं होतं. पुढे फुगे नव्हते का? इथे फुगे नाहीत. फुगे नाहीत म्हणजे टोमणा."

"तुम्ही काल मला 'छान काम' लिहिलंत. फुगे नव्हते."

ते जरा थांबले. "ते मनापासून होतं. बहुतेक."

त्या 'बहुतेक'पासून मी गेल्या दोन वर्षांतली माझी सगळी कौतुकं पुन्हा तपासतोय.

मी ऑटिस्टिक आहे. मराठीत आम्हाला स्वमग्न म्हणतात. कसला स्व? मी तासभर तुमच्याच वाक्यात मग्न असतो! समोर बोललात तर आवाजावरून निदान अंदाज येतो. (सगळ्यांचं असंच असतं असं नाही, मी माझं सांगतोय.) लेखी शालजोडीतल्यात मात्र मला जोडा दिसतच नाही. मी शाल पांघरून आभार मानतो.

आणि हे फक्त आमचंच दुखणं आहे का? १९८२ साली कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फालमन यांनी विनोदापुढे आडवा हसरा चेहरा टाकायचं सुचवलं, कारण तिथल्या संगणकवाल्यांनाही एकमेकांचे लेखी विनोद कळेनात. २००५ च्या एका अभ्यासात लोकांना वाटलं होतं, आपल्या ईमेलमधला उपरोध ७८ टक्के वेळा ओळखला जाईल. ओळखला गेला ५६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आले असते. पण लिहिणाऱ्याला कोणी म्हणत नाही, "बाबा रे, नीट लिही." शिकायचं ते मीच.

म्हणून सहकाऱ्यांना सुचवलं, टोमण्यापुढे "/एस" टाकत जा. इंटरनेटवर ही खूण चालते, एस म्हणजे सार्कॅझम, उपरोध. तिरकस बोलण्याला तिरकी रेघ, आणखी काय हवं?

"छे! विनोद समजावून सांगितला की मरतो."

म्हणजे विनोद जगायला हवा, मी चारचौघांत मेलो तरी चालेल. इतकी काळजी टोमण्याची! माझी कोणी घेतली असती तर... जाऊ दे.

पण माणूस मनाचा चांगला. रात्री त्यांचा निरोप आला, "तुझं पटलं. /एस" पाठोपाठ दुसरा, "उद्या सुट्टी आहे, साहेबांनी सांगितलंय. /एस"

सुट्टी नाही, असा अर्थ लावून मी सकाळी वेळेवर हजर झालो. कुलूप. फोन केला तर झोपेतून म्हणाले, "अरे, एस म्हणजे सूचना ना?"

हे पायरीवर बसून लिहितोय. साहेबांना कळवलंय की मी आलोय. त्यांचं उत्तर आलंय, "ग्रेट!" फुगे नाहीत.